दक्षिणेला दारी

सब-रजिस्ट्रारच्या कचेरीतून आणलेला कागद
मी आधी उलटाच धरला.
एकेक अक्षर ब्लाउजच्या गळ्यासारखं
गोल कातरलेलं.
शिवलीलाक्का चष्मा पुसत म्हणाली,
"फिरवून धर की गे, घर पालथं पडतंय बघ."

बारा वर्षं याच घराच्या माडीवर भाड्यानं राहिले.
खाली दस्तगीरचा पत्र्यावरचा ठोका,
वर माझी मशीन,
आणि दिवेलागणीला पिग्मीवाला मल्लाप्पा.
शंभराची नोट घेऊन थुंकी लावून पावती फाडायचा.
त्या थुंकीवरच हे घर उभं आहे म्हणायचं.

मालक मुलाकडं हुबळीला निघाले, घर काढलं,
तेव्हा भाऊ म्हणाला, अनगोळात बघ,
आपल्या माणसांत.
एजंट म्हणाला, बाई, इथं भाव चढत नाही,
मिक्स एरिया.
मिक्स म्हणजे मला फरसाणच ठाऊक.
वर्षातून एकदोनदा शटरं पडतात, म्हणाला,
कुणी पाट्या काळ्या करतं,
तेव्हा काय करशीला?

तेव्हा काय केलं ते मला आठवतं.
लोबोंच्या सेवरीनाचं लग्न तोंडावर,
गाऊनचं अस्तर माझ्याकडं, लेस कॅम्पातल्या दुकानात,
मधे रिकामी गल्ली,
टोकाला पोलिसांची गाडी.
दस्तगीरच्या धाकट्यानं सात मीटर लेस
बनियनच्या आत गुंडाळून आणली.
घामाचा एक डाग राहिला, तो मी टिपेत दडवला.
नवरीला अजून सांगितलेलं नाही.

सगळं गोडच होतं असं नाही.
गटारात हाडं दिसली की समोरची पायाप्पांची बायको
आधी माझ्याच खिडकीकडं बघते.
मटण मला एवढ्या वेळा परवडतं
असं तिला का वाटतं, देव जाणे.

अक्का वाचत होती,
आधी कानडीत, मग माझ्यासाठी.
पूर्वक्के, चनबसप्पांचं घर.
"मामंजी जाऊन एकवीस वर्षं झाली,
कागदाला कुणी सांगितलंच नाही."
पश्चिमेला पास्कू लोबोंची भिंत.
लोबो मडगावला गेले, भिंत राहिली.
उत्तरेला विहीर, तिच्यात चौथा हिस्सा.
पाण्याचा चौथा हिस्सा
कुठल्या कडेनं टेप लावून मोजायचा?
मी विचारलं नाही. अक्का पुढं गेली होती.

"दक्षिणक्के, दारी."
"कुणाच्या दारी?"
अक्का इतकी हसली की चष्मा मांडीत पडला.
"अगं येडे, दारी म्हंजे वाट. रस्ता."

पन्नाशीपर्यंत लोकांच्या दारी उभी राहिलेली मी,
मापं घ्यायला, उधारी मागायला,
अवंदा भाडं वाढवू नका म्हणायला.
तोच शब्द आता सहीशिक्क्यानिशी माझ्या नावावर,
आणि त्याचा अर्थ वाट.

एक तारखेला दस्तगीर जिना चढून आला.
हातात भाडं, नजर पायरीवर.
मालकीण, म्हणाला. चेष्टेनंच म्हणाला.
मी नोटा मोजल्या नाहीत,
पण घेतल्या.
दोघांनाही कुठं बघावं कळेना,
म्हणून दोघंही मशीनकडं बघत राहिलो.

त्या दिवशी शेवटी अक्कानं कागदावर बोट टेकवलं,
"आणि हे बघ, ही तू."
पद्मिनी हलगेकर.
आठदहा गळे, एका ओळीत.
मी निरखून बघितलं, ओळख लागेना.
मग कापडावरच्या खडूनं
फरशीवर तीनदा गिरवलं.
चौथ्यांदा अक्का म्हणाली, "पुरे, आलीस."

कधीतरी तिची मुलं वाटण्या करतील,
नवा कागद होईल,
त्याच्या पश्चिमेला मी असेन,
गोल अक्षरांत,
मेल्यावरसुद्धा बरीच वर्षं,
कागदाला कुणी सांगेपर्यंत.